उलथन्यांचा मान

ओसाकात तेन्गाचायाच्या बाजारगल्लीत हात्सुमीबाईंचं ओकोनोमियाकीचं, म्हणजे कोबी घातलेल्या जाडजूड धिरड्यांचं, दुकान आहे. टेबलं मोजकीच, प्रत्येकात लोखंडी तवा बसवलेला, आणि सॉसचा वास भिंतींत असा मुरलाय की नुसतं दारावरून गेलं तरी भूक खवळते. मित्सुए आणि तिचा नवरा तोराओ दर शनिवारी दुपारी तिथे हजर. हात्सुमीबाई पीठ, कोबी, अंडं घातलेला वाडगा आणून ठेवायच्या. पुढचं सगळं तोराओ करायचा.

घरचा सगळा स्वयंपाक मित्सुएचा, पण तवा पुढ्यात आला की दोन्ही उलथनी तोराओची. जन्मभर ट्राम चालवलेला माणूस. हँडल दुसऱ्याच्या हाती द्यायचं त्याच्या जिवावर यायचं. एकदा शेजारच्या टेबलावरचे टोकियोचे पाहुणे उलथन्याने ओकोनोमियाकी दाबत होते, तर हा इथून ओरडला, "अहो, दाबताय काय! दगड होईल तिचा!" मित्सुएला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लहानपणी मित्सुएच्या गल्लीत गोळ्या-बिस्किटांचं एक दुकान होतं. तिथल्या छोट्या तव्यावर शाळा सुटली की पोरं पातळ धिरडी भाजून खायची, आणि उलटायची वेळ आली की सगळी मित्सुएला हाका मारायची. तिच्या हातून एकही फाटलं नाही. लग्नानंतर तिने हे मोठ्या हौसेने सांगितलं, तर तोराओ म्हणाला, "पोरासोरांची धिरडी ती! ओकोनोमियाकी उलटायला मनगट लागतं."

ते बोलणं तिला लागलं ते लागलंच. शिवणाच्या कारखान्यात तिची उमेदीची वर्षं गेली, दोन मुली मोठ्या केल्या, सासऱ्यांचं दुखणं काढलं. कशाची तक्रार नव्हती. फक्त एकदा, हात्सुमीबाईंच्या तव्यावर, सगळ्यांदेखत तिला उलटून दाखवायचं होतं.

आणि या वसंतात तोराओ सायकलवरून पडला. हात मोडला तोही उजवा, आणि नेमका मनगटात. मित्सुएला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण दवाखान्यातून परत येतानाच तिला शनिवार आठवला.

शनिवारी वाडगा आला. प्लास्टर बघून हात्सुमीबाई म्हणाल्या, "अगं बाई! भाऊ, आज मी देते हं उलटून."

"तुम्ही कशाला? मी आहे ना," मित्सुए म्हणाली. ती इतक्या मोठ्याने बोलली की गल्ल्याजवळ बसलेल्या मासेवाल्याने मान वळवली.

"तू?" तोराओ म्हणाला. "आणि मोडली तर?"

"तर मोडकी खाऊ."

"जन्मभर ऐकवीन हं."

"आत्ता काय वेगळं चाललंय?"

मासेवाला खो खो हसला. मित्सुएने मिश्रण तव्यावर ओतलं, गोल केलं, वर डुकराच्या मांसाचे पातळ काप पसरले आणि हात आवरून बसली. तोराओला कुठला धीर!

"उलट आता."

"अजून नाही."

"अगं, करपेल!"

"तुम्ही ट्राम चालवायचात तेव्हा मी मधे बोलायचे का?"

कडा सुकल्या. तिने उलथन्याने हलकेच ढकललं, तर अख्खी ओकोनोमियाकी तव्यावर सरकली. मग उठून दोन्ही बाजूंनी उलथनी खाली घातली. मासेवाल्याने मान लांब केली. तिने ती एका झटक्यात उलटली.

थप्प! खरपूस, गोल, कुठे एक चीरसुद्धा नाही.

"वा, वहिनी!" हात्सुमीबाई ओरडल्या. मासेवाल्याने टाळ्या वाजवल्या. मित्सुए उलथनी हातात धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "इतका आनंद मला थोरलीच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता!" आणि झाला नव्हताच. मग तिने सॉस लावला, चौकोनी तुकडे पाडले आणि एक नवऱ्याकडे सरकवला. त्याने तो डाव्या हाताने कसाबसा छोट्या उलथन्यावर घेऊन तोंडात टाकला.

"कशी झालीय?"

"गरम आहे," तो म्हणाला. पण शेवटचा तुकडाही त्यानेच खाल्ला.

पुढचे सगळे शनिवार मित्सुएचे होते. मग प्लास्टर निघालं. त्या शनिवारी ती दुकानात आली तीच हिरमुसून. मजा संपली, हे तिचं तिने ठरवून टाकलं होतं. हात्सुमीबाईंनी वाडगा ठेवला आणि जुन्या सवयीने दोन्ही उलथनी तोराओपुढे मांडली. त्याने ती उचलली, क्षणभर धरली, मग त्यांच्या मुठी तिच्या बाजूला करून टेबलावरून सरकवली.

"मनगट ठणकतंय अजून," तो तव्याकडे बघत म्हणाला. "आणि दाबू नकोस."

सकाळीच त्याने त्याच हाताने तांदळाची भरलेली पिशवी शीळ घालत दोन मजले वर आणली होती. मित्सुएने त्याला त्याची आठवण करून दिली नाही. तिने बाह्या वर सारल्या आणि वाडगा पुढे ओढला.