मेघानं तपासलेले दोन डॉक्टर

"टाका उलटून बघितल्याबिगर मी कुणालाच भलं म्हणत नाय."

मेघाच्या तोंडी हे वाक्य कायम असायचं. बोलता बोलता ती समोरच्याच्या हातातलं कापड ओढून घ्यायची आणि आतली बाजू वर करून उजेडात धरायची. ब्लाउज असो, पडदा असो, गोधडी असो. पुढं पुढं ती माणसांकडंही तसंच बघायला लागली. दुकानाच्या मालकानं भाडं वाढवलं नाही तरी तिला शंका यायची, की हा काहून गप बसलाय?

आमचं गाव अजिंठ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायाशी. कडूबाईचं घर आणि माझं घर यांच्या मधे एक बोरीचं झाड, बाकी काही नाही. तिचा नवरा लवकर गेला. पदरात एकच लेकरू. दाईनं मुलगा झाला म्हणून सांगितलं होतं आणि दाईचं ते सांगणं वीस वर्षं चाललं. मग एका उन्हाळ्यात लेकरानं आईपुढं बसून सांगितलं, की मी मुलगा नाही, मी मेघा आहे. कडूबाई दोन दिवस जेवली नाही. माझ्या बायकोनं नेऊन दिलेली भाकर तशीच परत आली. तिसऱ्या दिवशी कडूबाईनं शिलाईचं मशीन पुसून अंगणात काढलं आणि म्हणाली, "बस इथं. बाई म्हून जगायचं तर हातात काम पाहिजे. आधी गळा शिक."

मेघा गळा शिकली. असा शिकली की आज शहरात, गुलमंडीच्या मागच्या बोळात तिच्या एका खोलीच्या दुकानात पंचक्रोशीच्या नवऱ्या मुलींची कापडं येतात. तिच्या हातचा ब्लाउज अंगावर बसतो तो कातडीसारखा. काम करताना तिच्या ओठांत सात-आठ टाचण्या धरलेल्या असतात. एक हात कापडावर, दुसरा बाईच्या खांद्यावर, आणि टाचणी ओठातून जिभेनं पुढं सरकवून बोटात घ्यायची. शहरात गेलो की मी कितीदा ते बघत बसलोय. पाणी ओहोळातून जातं तसं ते काम चालतं.

पण चेहरा आडवा यायचा. तिच्या भुवयांच्या वर हाडाची एक कड होती, शेताच्या बांधासारखी. जबडा रुंद. एकदा माझ्यादेखत एक बाई आली, लेकीच्या लग्नाचं कापड घेऊन. तिनं मेघाकडं खालून वर बघितलं.

"माप घ्यायला बाई नाय का?"

"मीच बाई हाये, ताई."

"असं व्हय. मग... आम्ही येतो संध्याकाळी."

ती बाई आली नाही. कापड पिशवीत घालून घेऊन गेली आणि मेघा बराच वेळ टेप गळ्यात घालून तशीच उभी राहिली. असं महिन्यातून दोन-तीनदा व्हायचं. एकतिसाव्या वर्षी तिनं ठरवलं, की चेहऱ्याची शस्त्रक्रिया करायची. पुरुषी ठेवणीचं हाड घासून चेहरा बायकी करतात, कपाळ, जबडा, नाक, ज्याला जे पाहिजे ते. हे आता आपल्या शहरातही होतं, असं तिला कळलं होतं.

कडूबाई माझ्याकडं आली. "भाऊ, तुम्ही चला संगं. बाईमाणसांना डॉक्टर लोक गुंडाळतेत."

मेघा म्हणाली, "चला मामा. तुम्ही फक्त मान हलवा. बोलायचं माझ्यावर सोडा."

पहिले डॉक्टर इंद्रजीत. त्यांचा दवाखाना नव्या वस्तीत, बाहेरून काचेचा. आत गेल्यावर एका मुलीनं आम्हाला मऊ सोफ्यावर बसवलं आणि पाणी आणून दिलं. पाण्यात लिंबाची चकती तरंगत होती. कडूबाईनं ग्लास नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"पाण्यात लिंबू कामून टाकलं असंल? पाण्याला वास येत असंल."

"आई, हळू."

डॉक्टर दिसायला देखणे, बोलायला लोण्यासारखे. मेघाला ते एका दमात चारदा मॅडम म्हणाले. कपाळ, जबडा, नाक, तिन्ही एकाच दिवशी करू, म्हणाले. मेघानं विचारलं, आधी डोक्याचा स्कॅन काढावा लागतो ना? ते हसले. "मॅडम, आमची नजर बसलेली असते." मग त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर फोटो लावले. डाव्या बाजूला ऑपरेशनच्या आधीचा, उजव्या बाजूला आठ महिन्यांनंतरचा. एकच बाई, पण खरंच दुसरीच वाटत होती. माझी मान आपोआप हलली. कडूबाईच्या डोळ्यांतसुद्धा पाणी आलं.

मेघा पडद्याजवळ गेली.

"सर, हा फोटो मोठा करा."

"चेहरा ना?"

"चेहरा ऱ्हाऊ द्या. बाही."

डॉक्टरांनी बाही मोठी केली. दोन्ही फोटोत हिरवा ब्लाउज होता. ते म्हणाले, तुलना नीट व्हावी म्हणून आम्ही पेशंटला तेच कपडे घालून यायला सांगतो. हे मला पटलं. पण मेघानं बोट ठेवलं ते बाहीच्या कडेवर. तिथं पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके होते आणि एका जागी दोऱ्याचं टोक लोंबत होतं. उजव्या फोटोतही तेच टोक, त्याच जागी, तेवढंच.

"हा कच्चा दोरा हाय," मेघा म्हणाली. "बाई माप बघायला येती तवा आम्ही बाही कच्ची टाचून देतो. बसली का बघायचं, मग पक्की शिलाई मारून हा दोरा ओढून काढायचा. एका धुण्यात तुटतो हा. आठ महिने कोण बाई कच्च्या बाहीचा ब्लाउज घालून फिरती, सर?"

डॉक्टरांनी फोटो पुन्हा लहान केला.

"मॅडम, तुम्ही चेहरा बघायला आलात का शिलाई?"

"मला जे वाचता येतं ते वाचते. हे दोन्ही फोटो एकाच दिवशीचे हायेत. एक बिनमेकअपचा, एक मेकअपचा. उजेडबी बदललाय."

डॉक्टर म्हणाले, मुलींनी फाईल चुकीची लावली असेल. लगेच म्हणाले, पुढच्या आठवड्यात तारीख मोकळी आहे, आजच नाव लिहिलं तर बरं, नंतर दोन महिने जागा नाही. खरंच फाईल चुकलेली असेल. मी छातीवर हात ठेवून आजही सांगू शकत नाही. पण घाई करणाऱ्या माणसाकडं मेघा कसं बघते ते मला ठाऊक होतं. ती उठली. जाता जाता कडूबाईनं लिंबाचं पाणी तसंच आहे का, हे वळून बघितलं.

दुसऱ्या डॉक्टरचं नाव सुलेखानं सांगितलं. सुलेखा मेघासारखीच, छावणी भागात एका पार्लरमध्ये कामाला, ब्लाउज शिवायला दुकानात यायची. तिनं दोन वर्षांपूर्वी कपाळ आणि जबडा दोन्ही करून घेतले होते. "उमा मॅडमकडं जा," ती म्हणाली. कडूबाईला लगेच वास आला. "ही दलाली खात असंल."

डॉक्टर उमांचा दवाखाना छावणीच्या पलीकडं, जुन्या इमारतीत. तिथं आम्ही लाकडी बाकावर दोन तास बसलो. पाणी आमचं आम्हीच माठातून घेतलं. बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं तुटक. त्यांनी मेघाचं कपाळ अंगठ्यानं दाबून बघितलं आणि सरळ सांगितलं, "ही शस्त्रक्रिया मी एकटीनं अकराच वेळा केलीय. नऊ चांगल्या झाल्या. एक बरी. एक मनासारखी झाली नाही. स्कॅनशिवाय मी तारीख देत नाही. घरी जा, विचार करा."

बाहेर येऊन मेघा म्हणाली, "मामा, आपल्याच मालाला नावं ठेवणारा दुकानदार तुम्ही कधी बघितला का?"

"नाही."

"मग ही काहून ठेवती? आत काहीतरी हाय."

एवढ्यावर सोडून देईल ती मेघा कसली. तिनं सुलेखाला दुकानात बोलावलं. खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, दुपारच्या स्वच्छ उजेडात. ओठांत टाचण्या धरलेल्याच होत्या, कारण मशीनवरून उठून ती तशीच आली होती. तिनं सुलेखाचे केस दोन्ही हातांनी मागं सारले आणि कपाळाच्या कडेनं, केसांच्या मुळातून गेलेली रेघ बोटानं चाचपायला लागली. एखाद्या परक्या शिंप्याचं काम तपासावं तशी. रेघ बारीक होती. पण डाव्या कानशिलाजवळ ती बोटभर रुंद झाली होती.

"हिथं का फाकलंय?" टाचण्यांमधून मेघानं विचारलं.

"ते माझं पाप. टाके निघायच्या आदी केस रंगवले मी. भावाचं लग्न होतं ना. मॅडम लई बोलल्या मला."

"डॉक्टरीणबाईला वाचवती का?"

"गप ए! मला काय मिळतंय त्यात? तुझ्यापेक्षा पोलीस बरे." सुलेखा हसली आणि कडूबाईनं दिलेला चहा तोंडाला लावला.

चहा तिच्या ओठाच्या उजव्या कडेतून हनुवटीवर आला, तिथून गळ्यावर उतरला. सुलेखाला कळलंच नाही. ती हसतच होती. कडूबाईनं पदरानं तिची हनुवटी पुसली तेव्हा ती म्हणाली, "सांडला का, मावशी? उजव्या बाजूला खालचा ओठ झोपलेला हाय माझा. जबडा केला तवापासून. मॅडमनी आदीच सांगितलं होतं, असं व्हतं कुणाकुणाला. मीच म्हणलं, होऊ द्या. मला काय, माझा चेहरा मला आवडतोय."

मेघानं ओठातली एक टाचणी काढून उशीत खुपसली. मग दुसरी. मग तिसरी. सगळ्या काढल्या. आणि त्या दुपारी पहिल्यांदा मला तिची भीती दिसली. तोवर तिला वाईट चेहऱ्याची भीती होती. आता तिला कळलं, की ज्या ओठांवर तिचं पोट आहे तेच मुके होऊ शकतात. टाचणी कुठं आहे हे ज्या ओठाला कळत नाही, त्या ओठात टाचणी कशी धरायची?

ती स्कॅन काढून पुन्हा डॉक्टर उमांकडं गेली. आम्ही दोघं मागं.

"मॅडम, तुमचं मनासारखं न झालेलं पेशंट मला दाखवा."

"बघितलंय तुम्ही. सुलेखाच."

"तीच तर तुमच्याकडं लोकं पाठवती!"

"तिला पटलंय. मला पटलेलं नाही."

मेघानं खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाली, "जबड्याला हात नको. नुसतं कपाळ करा."

"मग ओठाची काळजी नाही. पण कपाळ काही महिने बधिर राहील, कुणाचं थोडं कायमचंही राहतं. आणि चेहरा अर्धाच बदलेल. लोक विचारायचे ते विचारतीलच."

"विचारू द्या. पण मग कपाळाचं हाड अजून खोल घासा. तिकडं कमी, तर इकडं जास्ती."

मला वाटलं, ही खरंच मागतेय. नंतर कळलं, ती बाईंना चाचपत होती.

डॉक्टर उमांनी स्कॅनची फिल्म खिडकीला लावली. "ही काळी जागा बघा. हाडाच्या मागं पोकळी आहे. पुढचं हाड इतकं पातळ. खोल गेलं की भोक पडतं."

"आम्ही शिवताना आत दोन बोटं माया सोडतो, जादा कापड. घट्ट झालं तर उसवून सैल करता येतं."

"हाडाला तशी सोय नाही. म्हणून तुम्ही मागाल त्याच्यापेक्षा कमीच काढणार मी. नंतर शिव्या द्या, ऐकून घेईन."

रस्त्यावर आल्यावर कडूबाईनं तोंड उघडलं. "लई खरं बोलणारी बाईबी मला पटत नाय."

"मलाबी पुरती पटली नाय, आई," मेघा म्हणाली. "जेवढी पटली तेवढंच हाड देते तिला."

ऑपरेशनचा दिवस मार्गशीर्षातला होता, सकाळची थंडी बाकाच्या लाकडात उतरलेली. डॉक्टर उमांनी निळ्या पेनानं मेघाच्या केसांच्या मुळाशी रेघ आखली. मेघानं आरसा मागितला, रेघ दोन्ही बाजूंनी नीट न्याहाळली आणि डावीकडं सूतभर खाली आलीय म्हणून सांगितलं. डॉक्टर उमा वाकल्या, चष्मा वर सारून त्यांनी बघितलं, ती रेघ पुसली आणि पुन्हा आखली. सोबत आलेली सुलेखा तोंडावर ओढणी घेऊन हसली.

नर्सनं चाकाची खुर्ची आणली. मेघा म्हणाली, पाय चांगले हायेत माझे. तिनं आईच्या पायाला हात लावला, मला "येते मामा" म्हणाली आणि हिरव्या गाऊनमध्ये त्या लांब बोळातून चालायला लागली. बोळाच्या टोकाला दाराशी डॉक्टर उमा उभ्या होत्या. मेघा त्यांच्याजवळ पोचली, थांबली नाही, आत गेली. सुलेखा ओठ दाबून बघत होती. मी बघत होतो. कडूबाई मात्र लेकीकडं बघत नव्हती. दार लागेपर्यंत तिची नजर डॉक्टरीणबाईच्या दोन हातांवर होती.