चालू-बंदचा तक्ता

रंगनाथमामा दारात बसून मेंढरं वळत होते. "हुर्रर्र! हिकडं, हिकडं!" डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या हातात काठी. समोर रिकामे ड्रम होते आणि पाइपलाइनसाठी खणलेला चर होता. मेंढरू एकही नव्हतं. चारा संपला त्या वर्षीच मामांनी सगळा कळप विकला होता.

"आठ दिस झाले ताई," त्यांची सून कौशल्या म्हणाली. "परवा एक मेंढी चरात पडली म्हणून काढाया गेले, अन् सवताच पडले."

मी फाइल उघडून काहीतरी वैद्यकीय लिहिल्यासारखं केलं. मामांचा डोस आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सरांनी वाढवला होता, पण माझ्या कागदावरून.

मी फिजिओथेरपिस्ट. तेव्हा उस्मानपुऱ्यातल्या एका दवाखान्यात पार्किन्सन्सच्या पेशंटचा अभ्यास चालला होता. लक्षणं काय आणि रोजचं जगणं कसं, एवढाच विषय. हा आजार म्हटलं की लोकांना थरथरणारा हात आठवतो. पण पुष्कळांना ताठरपणाच जास्त छळतो. शर्टाचं बटण लागत नाही, झोपेत कूस बदलता येत नाही, उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात. गोळी घेतली की अंग मोकळं होतं, थोड्या तासांनी पुन्हा जखडतं. डॉक्टर त्याला 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात. घरच्यांनी तीन दिवस तासातासाला खूण करायची, आणि त्यावरून गोळी वाढवायची की कमी करायची ते ठरायचं.

तो फॉर्म मराठीत करायचं काम मी हौसेनं मागून घेतलं. शाळेत मी मराठीत पहिली यायचे, हे आमच्या घरात आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांना ऐकावं लागतं. ऑन म्हणजे चालू, ऑफ म्हणजे बंद. पाच मिनिटांत काम फत्ते. वर ठळक अक्षरात लिहिलं, 'दैनिक नोंद : चालू / बंद'.

मामांचं घर धनगराचं. दुष्काळात गाव सोडून ते हर्सूलच्या पुढं, नव्या प्लॉटिंगच्या कडेला राहायला आले. पोरगा बांधकामावर जायचा. मामा पहिल्यांदा दवाखान्यात आले ते लाकडासारखे ताठ होऊनच. निघायच्या गडबडीत सकाळची गोळी राहिली होती. हे मला नंतर कळलं, कारण मी विचारलंच नव्हतं.

कौशल्या सातवी शिकलेली. मी तिच्या हातात तक्ता दिला.

"कधी चालू, कधी बंद, तेवढी खूण करायची. सोपंय."

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

बाहेर रांग होती. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तक्ता भरून आला. तिन्ही दिवस सकाळी दहा ते अकरा चालू, बाकी सगळा दिवस बंद.

"दिवसात एकच तास?" सरांनी विचारलं. "नक्की?"

"सर, मी स्वतः बघितलंय त्यांना. आणि रोज बरोबर दहाला खुलतात. म्हणजे आठच्या गोळीचाच काय तो उपयोग होतोय."

"इंटरेस्टिंग," सर म्हणाले.

तो शब्द मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितला. जेवताना पुन्हा एकदा सांगितला.

डोस वाढला. हे औषध जास्त झालं की काही पेशंटना नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. कुणाला मुंग्या दिसतात, कुणाला गेलेली माणसं. मामांना मेंढरं दिसली.

त्या दिवशी मी मामांच्या दारात बसले असतानाच गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "चालू झालं ओऽ!" कौशल्या उठली. भिंतीवर खिळ्याला डोस वाढल्यावर दिलेला दुसरा तक्ता टांगला होता, सुतळीला पेन्सिल बांधली होती. तिनं दहाच्या घरात 'चालू'वर खूण केली, दोन हंडे उचलले आणि पळाली.

मी तक्त्याकडं बघितलं. नऊच्या घरात 'बंद' होतं. मामा तर नऊपासून माझ्यासमोर मोकळे होते, नको तितके.

ती हंडे घेऊन आली.

"कौशल्या, हे चालू कुणाचं?"

"पाण्याचं की. बोअरची मोटर दहाला चालू व्हती, अकराला बंद."

"आणि हे मागच्या खेपेला पण?"

"तुमीच म्हणलात ना, कधी चालू, कधी बंद. त्याच्या आधीच पाण्याचं विचाराया माणसं आल्ती. म्हणलं दवाखानेवाले बी तेच विचारतेत. नळ मिळंल म्हणलं."

"अगं, मामा चालू कधी ते लिहायचं होतं!"

"मामा चालू?" ती हंडा धरूनच थांबली. "काय बी बोलता ताई! म्हातारा लई साधा माणूस हाय."

मला हसू आलं आणि लगेच गेलं.

"मामांचं कुणी विचारलंच नाय," ती म्हणाली.

"मग आता सांग. आधीच्या गोळीनं बरं वाटायचं त्यांना?"

"व्हय की. असर असला की सवताच्या हातानं जेवायचे, गल्लीच्या टोकापर्यंत जायचे. दुपारी असर गेला की तासभर खाटंवर. पुन्हा गोळी, पुन्हा असर."

असर. शब्द तिच्या तोंडात तयार होता. मी शब्दकोशात शोधत बसले होते, असंही नाही. मी कुठंच शोधला नव्हता.

दवाखान्यात येऊन सरांना सगळं सांगितलं.

"हा फॉर्म आणखी किती घरी गेलाय?"

"सगळ्यांच्या."

"मग सगळ्यांच्या घरी जा. आजपासून."

सर रागावले असते तर बरं झालं असतं.

ही गोळी एकदम तोडता येत नाही, पायरीपायरीनं उतरवावी लागते. महिन्याभरात मेंढरं गेली. प्लास्टर निघालं. पण पडण्याची धास्ती बसली ती बसलीच. गल्लीच्या टोकापर्यंत जाणारे मामा दारापर्यंतही कुणीतरी धरल्याशिवाय येईनात.

मी नवा तक्ता घेऊन गेले. 'मामांवर गोळीचा असर आहे / मामांवरचा गोळीचा असर गेला.'

"मामा, आता मेंढरं नाही ना दिसत?"

ते दाराकडं बघत राहिले. या आजारात चेहरा गोठतो, त्यामुळं त्यांना काय वाटलं ते मला कळलं नाही.

"नाय," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा बी गेली."

तक्त्यात याला रकाना नव्हता.

तेव्हापासून पेशंटशी बोलताना मी कर्ता गाळत नाही. "तुमचा हात", "तुमच्या सासऱ्यांचे पाय", "तुमची गोळी". घरीसुद्धा "तुमचा चहा झाला का" असं तोंडात येतं आणि नवरा हसतो. मराठीतल्या पहिल्या नंबराचं मात्र आता घरात कुणाला ऐकावं लागत नाही.