काशाच्या भिंतीवरचा जहाजाचा फोन

काशिनाथ गेल्याची बातमी मला अर्ध्या तासात कळली. सकाळचे नऊ वाजत आले होते. मुरबाडला कारखान्याच्या गेटवर मी हजेरीचं कार्ड पंच करत होतो आणि खिशातला मोबाइल वाजला. त्याच्या बहिणीचा, सुमनचा फोन होता. तिचं सासर आसनगावजवळ, पण दोन दिवसांसाठी ती भावाकडे वैशाखऱ्याला आली होती. "दादा, काशादादा गेला… इस्त्री करता करता खाली बसला. टोकावड्याला डॉक्टरकडं नेला, पन उपेग झाला नाय. तुमाला आदी सांगते. अजून आमच्या घरी पन कळवलं नाय." मागे उभे असलेले लोक "सरका की साहेब" म्हणत होते आणि मी कार्ड हातात धरून तसाच उभा. रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ज्या माणसाला त्याच्या आईच्या मरणाची बातमी मी जवळजवळ तीन महिने कळू दिली नाही, त्याच्या मरणाची बातमी मला सगळ्यांच्या आधी, अर्ध्या तासात पोचली होती.

आज त्याला जाऊन सात आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहावेत म्हणून बसलो, तर चांगलं लिहिण्यासारखं सगळं त्याच्या बाजूला आहे आणि बाकीचं माझ्या.

काशा आणि मी वैशाखऱ्याचे. घरं समोरासमोर, शाळेत एकाच बाकावर. त्याचे वडील लवकर गेले. आई, ठकीकाकू, भाताची खाचरं सांभाळून दोन्ही पोरांना वाढवत होती. बारावीला दोघेही आपटलो. मी मुरबाडला कारखान्यात चिकटलो आणि तो शहापूरच्या पुढे हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात कपडे धुण्याच्या मशीनवर लागला. तिथे राहायला आलेल्या कुणीतरी त्याला जहाजावर माणसं पाठवणाऱ्या मुंबईतल्या एका एजंटचं ऑफिस दाखवलं. शहाण्णव साली काशा जहाजावर गेला. समुद्र त्याने तोवर एकदाच, सहलीला अलिबागला गेलो होतो तेव्हा पाहिला होता.

जहाज युरोपातलं, सोव्हिएत रशियाच्या राजवटीत बांधलेलं. मुळात ती फेरीबोट. एका बंदरातून संध्याकाळी निघायचं, पोटात ट्रक आणि मोटारी, वर माणसं, सकाळी दुसऱ्या बंदराला लागायचं. एस.टी.सारखं काम. मग तो देशच मोडला, बोटी विकायला निघाल्या आणि या बोटीला एका परदेशी मालकाने पांढरा रंग देऊन सहलीचं जहाज बनवलं. काशाची पत्रं या बोटीच्या वर्णनांनी भरलेली असायची. धुराड्यावरचा कोयता-हातोडा कापून तिथे गोल पत्रा जोडला होता. ट्रक उभे राहायचे त्या मजल्यावर गालिचा घालून जुगाराची मशीनं मांडली होती. पण ट्रक बांधून ठेवायच्या लोखंडी कड्या कुणी काढल्या नव्हत्या. गालिच्याखाली त्या तशाच होत्या आणि उंच टाचांच्या बाया त्यांना अडखळायच्या. 'वर सगळा श्रीमंती थाट,' त्याने लिहिलं होतं, 'खाली आमी आन रशियन लोकं. त्यांना अजून वाटतंय बोट त्यांचीच हाय.'

जाण्याआधी त्याने एजंटच्या ऑफिसचा नंबर माझ्या डायरीत स्वतःच्या हाताने लिहिला. "घरी काय झालं तर याच्यावर फोन लाव. ते जहाजाला कळवतात, बोट कुठं पन असली तरी. सुमनला नाय जमनार हिंदीत बोलायला. तू लाव हां दत्त्या." मी म्हणालो, लावतो.

पुढच्या वर्षी फाल्गुनात, होळीच्या आठ दिवस आधी, ठकीकाकू गेली. तापाचं निमित्त झालं. काशाचा चुलता अंथरुणाला खिळलेला, भावकीत दुसरं जवळचं कुणी नाही. सुमन म्हणाली, "दादा, तुमीच अग्नी द्या. तुमी काय न् काशादादा काय…" मडकं मी धरलं. तिसऱ्या दिवशी डायरी घेऊन टोकावड्याच्या एस.टी.डी. बूथवर गेलो. तेव्हा दहाव्याला अजून सात दिवस होते. आई किंवा बाप गेला तर जहाजवाले माणसाला घरी सोडतात, हे काशाने मला आधीच सांगितलेलं होतं. तो दहाव्याला सहज पोचला असता.

पण मधे माझं एक काम होतं. काशाने त्याच्या साहेबाकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. लाँड्रीतला एक जण सुटणार होता आणि त्याच्या जागी माझं नाव गेलं होतं. मी कारखान्यात सामान मोजून कंटाळलो होतो. एजंटच्या ऑफिसात मी गेलो तेव्हा तिथल्या कारकुनाने तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या मुरबाडकडचा एक पोरगा मागच्या वेळी करार अर्धवट टाकून पळाला. आता तुझा दोस्त आहे. तोही मधेच उतरला, तर तिकडचा एकही माणूस घेणार नाही आम्ही." बूथमध्ये उभा राहून मी नंबर फिरवला तेव्हा हे वाक्य माझ्या कानात होतं.

फोन लागला. पहिल्याच रिंगला त्या कारकुनाने उचलला. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "हां, बोल." आणि मी विचारलं, "माझ्या जॉइनिंगचं काय झालं?"

एवढंच. काचेतून रस्त्यावर एस.टी.ची वाट बघणारी माणसं दिसत होती. कारकून म्हणाला, पुढच्या आठवड्यात विचार. मी फोन ठेवला आणि घरी येऊन सुमनला सांगितलं, "बोट लांब समुद्रात आहे, लागत नाहीये. निरोप ठेवलाय."

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळा शिवेना. झाडावर तीन-चार बसलेले, पण खाली उतरत नव्हते. ऊन चढलं. एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. सुमनच्या नवऱ्याने सांगितलं, सुमीला काही कमी पडू देणार नाही. कुणी म्हणालं, गाय सांभाळू. शेवटी एक म्हातारी मला म्हणाली, "तिचा जीव पोरात अडकलाय रे. तू बोल." मी हात जोडले. "काकू, काशाला मी कळवतो. आजच कळवतो." कावळा उतरला. सगळे सुटल्यासारखे झाले, कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी मी टोकावड्याला गेलो. पुन्हा फोन लागला… आणि पुन्हा मी माझ्याच कामाचं विचारलं.

करार संपवून काशा ज्येष्ठात आला. मुंबईत उतरून, एजंटच्या ऑफिसात कागद देऊन, तसाच दुपारच्या एस.टी.ने वैशाखऱ्याला. घराला कुलूप पाहून तो समोर माझ्याकडे आला. खांद्याला बॅग, हातात एक पिशवी. पिशवीत तुर्कस्तानच्या कुठल्यातरी बंदरातून घेतलेल्या लोकरीच्या मऊ चपला होत्या. काकूच्या टाचांना फार भेगा पडायच्या.

"कुलूप कशाला रे? आई सुमीकडं गेली काय?"

किल्ली माझ्याकडेच होती. मी सांगितलं. तो ओट्यावर बसला.

"कवा?"

"फाल्गुनात."

बोटांवर महिने मोजत होता तो. मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "फोन लागला नाय काय?"

"नाही लागला."

काशाने बॅग पुन्हा खांद्याला लावली. मग "बरं" म्हणाला, किल्ली घेतली आणि उठून गेला. त्या चपला त्याने सुमनला दिल्या. तिने त्या कधी पायात घातल्या नाहीत.

त्या 'बरं'चा अर्थ मला तीन महिन्यांनी कळला. गणपती झाल्यावर आम्ही दोघे एकाच वेळी बोटीवर निघालो. हो, त्याने माझी शिफारस मागे घेतली नाही. कागदांवर सह्या करताना तो कारकून हसत म्हणाला, "आलास एकदाचा. तुझ्या दोस्तालाही तो उतरून आला त्याच दिवशी सांगितलं मी, होळीच्या सुमारास तुझे दोन फोन आले, तू आपल्या जॉइनिंगचंच विचारत होतास. त्याची आई तेव्हाच गेली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला तीन दिवसांत घरी पोचवला असता." काशा बाजूला उभा राहून पासपोर्ट चाळत होता. त्याने मान वर केली नाही. म्हणजे त्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून त्याने फोनचं विचारलं तेव्हा तो लागला होता हे त्याला माहीत होतं. माझ्या तोंडून खरं येतंय का, एवढंच त्याला बघायचं होतं.

ज्या नोकरीसाठी मी हे केलं ती तीन आठवडे टिकली. लाँड्री बोटीच्या तळाला, खिडकी नाही, वाफ आणि साबणाचा वास. मी पहिल्या दिवसापासून ओकत होतो. काशा माझ्या वाटणीच्या चादरी घडी करायचा, मला सुकी बिस्किटं आणून द्यायचा आणि कामापुरतं बोलायचा. एकदा मला जरा बरं वाटलं तेव्हा तो मला वर पुढच्या टोकाला घेऊन गेला. तिथे ग्रिगोरी नावाचा म्हातारा इलेक्ट्रिशियन बसला होता. बोट नवी होती तेव्हापासून तो तिच्यावर. कलत्या उन्हात पांढऱ्या रंगाखाली जुन्या नावाची रशियन अक्षरं उठून दिसत होती. घासून काढली तरी लोखंडावर वळ राहिले होते. कुणा कवीचं नाव होतं म्हणे. ग्रिगोरी अक्षरांवरून हाताचं बोट फिरवून ते वाचून दाखवत होता. काशा मला म्हणाला, "ह्यांनी तीनदा रंग मारला. बघ, गेलंय काय?" मला वाटलं, तो बोटीबद्दल बोलतोय.

लाँड्रीच्या भिंतीवर एक फोन होता. काळा, जड, तबकडीभोवती रशियन अक्षरं. वरून साहेब लोक त्यावर हुकूम सोडायचे. वाजला की काशा म्हणायचा, "घे दत्त्या, तुला फोन लावायची सवय हाय." बाकीच्यांना मराठी कळत नव्हतं. एका बंदरात डॉक्टरने मला तपासलं आणि परत पाठवून दिलं. कारखान्याने मला पुन्हा घेतलं, तिथेच मी आजही आहे.

काशा त्या बोटीवर शेवटपर्यंत राहिला. ती पुढे पूर्वेकडे विकली गेली, तिचं नाव आणखी एकदा बदललं, जुगारासाठीच लोक चढायचे. मग तेही बंद पडलं आणि एका मोठ्या भरतीला तिला गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढवलं, तोडायला. शेवटच्या मोजक्या माणसांत काशा होता. तिथून तो गोणपाटात बांधून एकच वस्तू घरी घेऊन आला. लाँड्रीतला फोन.

तो त्याने दाराशेजारच्या भिंतीवर चार स्क्रूंनी पक्का केला. कापलेली वायर खाली लोंबत होती. मग माळशेजच्या रस्त्यावर इस्त्रीचं दुकान टाकलं, आजूबाजूच्या हॉटेलांचे कपडे यायचे. लग्न केलं नाही. मी महिन्यातून एकदा तरी जायचो. न जाण्याची हिंमत नव्हती. चहा व्हायचा, शेताच्या गप्पा व्हायच्या. निघताना तो रिसीव्हर उचलून पुन्हा नीट बसवायचा आणि चारचौघांत म्हणायचा, "बराबर ठेवाय पायजे बाबा. नायतर लोकं म्हनतील, लागला नाय." सगळे हसायचे, काशा जहाजावर राहून येडा झालाय म्हणायचे. सुमनही हसायची. मीही हसायचो. तिला तो कधीच काही बोलला नाही. इतकी वर्षं ती त्या एजंटच्या ऑफिसला शिव्या घालत राहिली आणि त्याने त्या घालू दिल्या. मला वाचवण्यासाठी की मला आतल्या आत कुजवण्यासाठी, हे मी त्याला विचारलं नाही. आता विचारता येणार नाही.

काशाच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून भाचा मागे सरतो न सरतो तोच. लोक म्हणाले, सुखाने गेला, मागे काही राहिलं नाही. मी हात जोडायला पुढे झालो होतो, ते तसेच खाली घेतले. आमच्याकडून कुठलाही शब्द घ्यायला तो थांबला नव्हता.

त्याच दुपारी मी सुमनला सांगितलं. ती परातीत तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"म्हंजे फोन लागला व्हता?"

"लागला होता. दोनदा."

"काशादादाला ठावं व्हतं?"

"होतं. आल्या दिवसापासून."

तिने परात बाजूला सारली. मग उठली, आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती डिसमिस घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. "ह्यो फोन काढा आमच्या भिंतीवरनं. आन घेऊन जा. दादा म्हनून परत येऊ नका इथं."

स्क्रू गंजले होते. अर्धा तास लागला. ती तिथेच उभी होती. फोन निघाला तेव्हा मागे भिंतीचा जुना निळा रंग चौकोनी दिसू लागला. बाकी भिंतीला काशाने नंतर चुना मारला होता, फोन न काढता, त्याच्या कडेकडेने.

हा लेख छापून येईल तेव्हा सुमन तो वाचेल की नाही, माहीत नाही. ज्या कारकुनाला ती इतकी वर्षं दोष देत आली, त्याचा दोष नव्हता, एवढं तरी गावाला कळावं.

फोन मुरबाडला माझ्या घरी टेबलावर आहे. बायको म्हणते, माळ्यावर टाका. भिंतीला लावायला माझा हात होत नाही. सकाळी कामावर निघताना चपला घालतो, डबा घेतो आणि रिसीव्हर उचलून पुन्हा नीट बसवतो…