मांदेलीचं थिनिंग
तव्यावर रवा लावलेली मांदेली चुरचुरली की तो वास मला थेट लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, नाशिकजवळच्या आमच्या मळ्यातल्या घरी नेतो. माझं माहेर डहाणूचं. भावाने बर्फात घालून बोटाएवढी, सोनेरी मांदेली आणली होती आणि सासरी मी पहिल्यांदाच मासे करत होते. सासूबाईंनी बजावलं होतं, "तुझ्या सासऱ्यांना आवडलं तरच परत चुलीवर चढंल." सासरे ताट घेऊन ओट्यावर बसले. त्यांना ठाऊक धरणातला मोठा मासा, जाड काट्यांचा. द्राक्षाच्या घडातले जादा मणी कात्रीने काढून थिनिंग करतात ना, तशा निगुतीने ते त्या इवल्याशा मांदेलीतला केसासारखा एकेक काटा वेचू लागले. भाकरी गार झाली, पायाशी बसलेल्या मांजरीपुढे काट्यांचा ढीग वाढला, मासा काही उरेना. नव्या सुनेने सासऱ्यांना खायला शिकवायचं तरी कसं? शेवटी मी त्यांच्यासमोर बसले, एक मांदेली उचलली आणि काट्यासकट कुर्रकुर्र चावून खाल्ली. मग त्यांनीही एक अख्खी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि ओरडले, "आगं पोरी, आधी नाय का सांगायचं! निम्मा माल मी मांजरीला घातला!" सासूबाई हसता हसता भिंतीला टेकल्या. त्या दिवशी तवा तीनदा चढला. आता सासऱ्यांना दात उरलेले नाहीत. मीच ताटाशी बसून एकेक काटा काढते आणि ते माझ्या बोटांवर नजर ठेवून म्हणतात, "दमानं कर थिनिंग, मणी तुटंल."