गुळगुळीत ठोकळे

काल घरात गवंडी भिंत घोटत होता आणि ओल्या सिमेंटच्या वासाने मला सिल्वासाजवळच्या रांधा गावातला आमचा कारखाना आठवला. प्रवाळांवर संशोधन करणाऱ्या एका मॅडमनी कच्छच्या आखातात ठेवायला आमच्याकडून सिमेंटचे ठोकळे करून घेतले होते. खानदेशी मिस्त्रीने सवयीने ते आरशासारखे घोटले. मॅडम हसल्या, “मिस्त्री, प्रवाळाचं पिल्लू यावर चिकटेल कसं?” तोंड पाडून त्याने सगळे पुन्हा ओतले, तारेच्या ब्रशने खरवडले. दोनेक वर्षांनी मॅडमनी मोबाइलवर दाखवलं: हिरवट पाण्यात आमच्याच ठोकळ्यावर नखाएवढं प्रवाळ फुललं होतं, केसांसारखे हात हलवत. आम्ही मशिनं थांबवून बघतच राहिलो. “सिमेंटले जीव फुटना भो!” मिस्त्री अहिराणीत कुजबुजला; सिमेंटला जीव फुटला होता खरा. काल भिंत घोटता घोटता गवंडी ऐटीत म्हणाला, “बघा साहेब, पालसुद्धा चढणार नाही.” मी म्हटलं, “एक कोपरा खडबडीत राहू दे.”