दहा वर्षं लाडवातून खाल्लेली बाभूळ

शनिवारी सकाळी पेणजवळच्या जोहे गावातल्या आमच्या गणपती कारखान्यात आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सॅम्पल मूर्तीच्या पीतांबरावर अंगठा फिरवला. अंगठा पिवळा झाला... आणि मी पांढरी पडले.

साधंसुधं सॅम्पल नव्हतं हो. शाडूची मूर्ती, आणि रंग फक्त मातीचे, गेरू आणि पिवळी माती. रविवारी अकराला मुंबईची पार्टी बघायला येणार होती. पास झालं तर साठ मूर्तींचं काम... शाडूचं आमचं पहिलंच मोठं काम! आणि "रंगाचं मी बघते" असं छातीठोकपणे सांगितलं होतं कुणी? अर्थात मीच.

चूक पण अस्सल कारखानेवाल्यांची. मातीचा रंग धरून ठेवायला डिंक लागतो, तो मी पेणच्या बाजारातून आणून घातला होता. पण इतक्या वर्षांची स्प्रे गनची सवय... डिंकामुळे रंग गनमध्ये अडकायला लागला, म्हणून पाणी ओतलं. मग अजून ओतलं. गन मस्त चालली, रंगात डिंक नावाला उरला.

"आता काय करशील गो?" आबांनी विचारलं. मी पेणहून आणलेली डिंकाची पुडी उलटी करून दाखवली, रिकामी.

कोपऱ्यात माझी धाकटी जाऊ संगीता शाडू चाळत होती. तीच बोलली, "ताई, माझ्या डब्यातला डिंक भिजवू का? बाभळीचा हाय."

संगीता माण तालुक्यातली. तिकडे पाऊस कमी, बघावं तिकडे बाभळी. लग्नाला दहा वर्षं झाली तरी "आमची काट्यांच्या गावची" ही चेष्टा काही संपली नाही, आणि ती सगळ्यात जास्त मीच केली. तिनं माती चाळायची, भाकऱ्या थापायच्या. रंगाला हात लावायचा नाही, असा आमचा अलिखित कायदा. मात्र दर थंडीत ती माहेरच्या बांधावरच्या बाभळीचा डिंक आणून लाडू करायची, ते आम्ही बोटं चाटून खायचो.

डिंक भिजत घालताना तिनं सांगितलं. तिचे वडील बेंदराला, म्हणजे तिकडच्या बैलांच्या सणाला, अख्ख्या आळीच्या बैलांची शिंगं रंगवायचे. गेरूत बाभळीचा डिंक घालून. दहा वर्षांत हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मूर्तीवरचा रंग मी कोरड्या ब्रशनं झटकला, तर पिठासारखा पडला. दुपारी तिनं डिंक फडक्यातून गाळला, रंगात घातला, आणि दोन बोटांत चिकटपणा बघत बसली. मी सवयीनं गन उचलली.

"गन ठेवा ताई. कुंचला घ्या."

एरवी मी कुणाचं ऐकणारी नाही... पण गुपचूप ठेवली. कुंचला मात्र मी तिच्याच हातात दिला. रंग तिनं लावला, डोळ्यांची आखणी तेवढी मी केली.

रविवारी पार्टीतल्या बाईंनी पर्समधून पांढरा रुमाल काढला. पीतांबरावर घासला, मग शेल्यावर. रुमाल पांढराच्या पांढरा!

"रंगकाम कुणाचं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न आला की आमच्याकडे उत्तर मीच देते. या वेळीही मीच दिलं. "माझ्या जावेचं," म्हटलं आणि तिला चाळणीपासून हाताला धरून पुढे आणलं. मातीनं भरलेले हात, मान खाली... आणि ऊर भरून आला माझा!

काम मिळालं. पार्टी गेल्यावर आबा म्हणाले, "संगीता, माहेरी कधी जातेस गो? साठ मूर्तींना डिंक लागंल."

"जाते की आबा. पण औंदा लाडू नाय मिळायचे."

नकोत लाडू. सोमवारपासून रंगाच्या टेबलावर संगीता बसते आणि चाळणी माझ्या हातात आहे. हात दुखतात, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला "ती बघा माझी जाऊ" म्हणून दाखवायला मजा येते.

संगीता, दहा वर्षं तुझी बाभूळ आम्ही गोड करून खाल्ली, आणि काटे तेवढे तुला टोचले. थँक यू गो... आणि सॉरी पण.