वरवंट्याचा भार

आमचं शेवटचं बोलणं चटणीवरून झालं. ह्यांनी भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी चाखली आणि म्हणाले, "मिक्सरची चटणी ती मिक्सरचीच. हिच्यावर भार पडलेला नसतो." मी म्हटलं, "मग बसा ना पाट्यापाशी!" हसले. दुपारी केशवापुरातून डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं… त्याला आता पाच आठवडे झाले. नवनगरच्या या घरात मी अजून मोठ्याने बोलते, आणि मग उत्तराची वाट बघत बसते.

हे हुबळीच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचे. नव्वद सालानंतर, पन्नाशी दारात आलेली असताना, ह्यांनी पीएचडीला नाव घातलं. विषय इंधनघट, म्हणजे हायड्रोजन आणि हवेपासून वीज करणारं यंत्र. त्यात कार्बनचा एक काळा, पातळ कागद असतो. त्यातून उष्णता किती वाहते, एवढंच ह्यांना मोजायचं होतं. तो कागद पाहून मी, बी.ए. झालेली शहाणी, म्हणाले, "अहो, हा तर करपलेला पापड!" हे रागावले नाहीत. कागदाच्या बारीक भोकांत हवा असते, हवा उष्णतेला अडवते. म्हणून कागद दोन धातूच्या चकत्यांमध्ये ठेवून वरून दाबायचा, मग तंतू तंतूला भिडतो आणि उष्णतेला वाट मिळते, असं समजावलं. "नुसतं टेकून भागत नाही गं, भार लागतो." मी मान हलवली. लक्ष सगळं आमटीकडे.

मोजणीला अख्खा दिवस लागे, म्हणून प्रयोग घरातल्या मागच्या खोलीत मांडला. कॉलेजातली वजनं घरी आणणं ह्यांच्या तत्त्वात बसेना. मग भार म्हणून गेला कोण? माझा वरवंटा! कमरीपेठेत एका दुकानात तोलून आणला, त्यावर पांढऱ्या रंगाने वजन लिहिलं आणि चकत्यांवरच्या फळीवर दोन पाचरींमध्ये आडवा बसवला. खालची चकती गार पाण्यावर, वरची विजेने तापलेली. शेजारच्या यंत्रातलं पेन कागदाच्या गुंडाळीवर वरच्या चकतीच्या तापमानाची रेघ ओढत बसायचं. रेघ सपाट झाली की मोजणी खरी. हे कॉलेजात जायचे आणि पेन घरी राबायचं.

एकदा बेळगावहून नणंद यायची होती. तिच्यापुढे पाट्यावरचीच चटणी हवी, नाहीतर माझी अब्रू कुठे राहणार होती! मी वरवंटा उचलला, लसूण घालून झकास चटणी वाटली, वरवंटा धुऊन, पुसून, जिथल्या तिथे ठेवला. कोणाला कळतंय, म्हटलं. काय ती माझी अक्कल! संध्याकाळी हे आले. सपाट रेघेला मध्येच डोंगर आला होता.

"वीज गेली होती का गं?"

"हो ना! चांगली अर्धा तास!" पापणीही लवली नाही माझी.

हे बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. मग "इरली बिडु," म्हणाले. असू दे म्हणायचं असलं की ह्यांना कन्नडच सुचायचं. वहीत काहीतरी लिहून जेवायला बसले, चटणी दोनदा मागून घेतली. पुढचा आठवडाभर सगळ्या मोजण्या पुन्हा केल्या. कष्टाने उतरलेला तो चेहरा बघून मी ठरवलं, उद्या सांगू. पीएचडी मिळाली, मुलं आपापल्या गावी गेली, नातवंडं झाली, हे निवृत्त झाले… माझा उद्या काही आला नाही.

परवा ती वही उघडली. गुंडाळीचा तेवढा तुकडा कापून आत चिकटवला होता आणि खाली ह्यांचं बारीक अक्षर: "वीज गेली असती तर पेन थांबलं असतं, रेघ चढली नसती. भार उचलला गेला. भोकांत हवा मोकळी झाली, उष्णता अडली, वरची चकती तापली. कारण: चटणी. उत्तम झाली होती."

एवढी वर्षं ह्यांना ठाऊक होतं. मिक्सर आल्यापासून दर वेळी त्या भाराची आठवण काढत होते, आणि मी टोमणा समजून टोमणा परतवत होते.

आज पाटा काढला. वाटण झाल्यावर वरवंटा धुतला, पुसला, मागच्या खोलीत ह्यांच्या टेबलावर ठेवला. पांढरे आकडे पुसट झालेत, पण वाचता येतात. "अहो," मी म्हटलं, "त्या दिवशी वीज गेली नव्हती."

"इरली बिडु" म्हणणारं कोणी नव्हतं.